न कळणाऱ्या भाषेचा प्रेक्षक : ‘आयल ऑफ डॉग्ज’ आणि कुंभकोणम परिसरातील रंगपरंपरा

वेस अँडरसन यांच्या ‘आयल ऑफ डॉग्ज’ या चित्रपटाने फेब्रुवारी २०१८ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवाचे उद्घाटन झाले. हा मान मिळालेला तो पहिलाच सचेतपट होय. दिग्दर्शनाचे रौप्य अस्वलही त्याला मिळाले. बाहुलीची स्थिती किंचित बदलायची, एक चौकट टिपायची, पुन्हा स्थिती बदलायची, अशा स्टॉप-मोशन पद्धतीने तो साकारला आहे. मेगासाकी या कल्पित जपानी नगरीचा महापौर साथीच्या रोगाचे निमित्त करून सर्व कुत्र्यांना कचऱ्याच्या बेटावर हद्दपार करतो आणि अटारी हा बारा वर्षांचा मुलगा आपल्या कुत्र्याच्या शोधात तेथे जाऊन पोहोचतो, असे त्याचे कथानक आहे. परंतु चित्रपटाविषयीचा वाद कथानकावरून झाला नाही. तो भाषायोजनेवरून झाला. येथे कुत्र्यांचे भुंकणे इंग्रजीत ऐकू येते, तर माणसे जपानी बोलतात. त्यांच्या बोलण्याला बहुतांशी उपशीर्षके नाहीत. अर्थ पोहोचतो तो कधी दुभाषीमार्फत, कधी परदेशी विद्यार्थिनीमार्फत, तर कधी यंत्रामार्फत.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया या योजनेपाशी दुभंगल्या. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे समीक्षक जस्टिन चँग यांचा आक्षेप असा की, जपानी माणसांना त्यांच्याच नगरीत परके करून सहानुभूतीचा सारा ओघ इंग्रजी बोलणाऱ्या कुत्र्यांकडे वळवला आहे. अमेरिकन विद्यार्थिनी ट्रेसी हिला उठावाचे नेतृत्व देण्यावरही टीका झाली. उलट मोएको फुजी यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये जपानी जाणणाऱ्या प्रेक्षकाची बाजू मांडली. अशा प्रेक्षकाला पडद्यावरचे अधिक काही कळते आणि भाषांतराची अपुरेपणाची जाणीव हाच चित्रपटाचा एक विषय ठरतो, असे त्यांच्या विवेचनाचे सूत्र आहे. एकाच प्रेक्षागृहात बसलेल्या दोन प्रेक्षकांपुढे अशा रीतीने दोन भिन्न संहिता उलगडत होत्या.

हा प्रश्न हॉलिवूड आणि जपान यांच्यापुरताच मानला, तर त्याचा इतिहास फार तोकडा दिसतो. प्रेक्षकाला न कळणारी भाषा रंगमंचावर आणण्याची दीर्घ परंपरा तंजावर-कुंभकोणम परिसरात आढळते आणि मराठी भाषा त्या परंपरेचा एक घटक आहे. व्यंकोजीने सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात स्थापिलेली तंजावरची मराठा राजवट १८५५ पर्यंत टिकली. व्यंकोजीचा पुत्र शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) याने १६९३ मध्ये कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव शेहेचाळीस विद्वानांना दान दिले. त्याला शहाजीराजपुरम् हे नावही मिळाले. याच शहाजीच्या नावावर असलेल्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी अशा पाच भाषा एकत्र येतात. त्यांपैकी कोणत्याही एका भाषेला इतरांचा अर्थ सांगणारी भाषा केलेले नाही. प्रेक्षकाला एखादी भाषा अपुरी कळणार, हे येथे जणू गृहीतच आहे. मात्र हे न कळणे सर्वांच्या वाट्याला आळीपाळीने येते, एकाच समूहाच्या माथी ते कायमचे मारलेले नाही.

भागवतमेळ्याची रचना याहून निराळी आहे. मेलत्तूरचे वेंकटराम शास्त्री यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व पुढील काही वर्षांत तेलुगूत रचलेली नाटके आजही प्रामुख्याने तमिळभाषी गावकऱ्यांपुढे होतात. कुंभकोणमजवळच्या तेप्पेरुमानल्लूर येथेही या नाट्यप्रकाराची परंपरा आहे. ‘प्रह्लादचरित्र’ पाहणाऱ्याला प्रत्येक तेलुगू शब्द उमगतोच असे नाही. परंतु कथा त्याला ठाऊक असते. नृसिंहाचा मुखवटा पूजेतला असतो. तो धारण करणाऱ्या नटाला आवेश आल्यावर इतरांना त्याला धरून ठेवावे लागते. त्या क्षणी प्रेक्षक दर्शनार्थी होतो. भाषेचे अंतर येथे भाषांतराने मिटत नाही, ते श्रद्धा आणि पूर्वपरिचय यांनी ओलांडले जाते.

बाहुल्यांच्या खेळात हा प्रश्न आणखी सूक्ष्म होतो. कुंभकोणम हे बोम्मलाट्टम् या सूत्र-बाहुल्यांच्या खेळाचे एक प्रमुख केंद्र. या बाहुल्या साडेचार फुटांपर्यंत उंच आणि दहा किलोपर्यंत वजनाच्या असू शकतात. त्यांची सूत्रे सूत्रधाराने डोक्यावर मुकुटासारख्या धारण केलेल्या लोखंडी कड्याला बांधलेली असतात. बाहुली हलते ती सूत्रधाराच्या देहाबरोबर. स्टॉप-मोशनमध्ये मात्र दोन चौकटींच्या दरम्यान हात अदृश्य होतो आणि हालचाल तेवढी उरते. तमिळनाडूतील चर्मबाहुल्यांच्या खेळात, तोल्पावैकूत्तूत, अदृश्य होते ती भाषा. हा खेळ परंपरेने करणारी मंडिगर कुटुंबे घरात मराठीची एक बोली बोलतात. त्यांच्या तमिळ देशातील आगमनाचा संबंध मराठा राजवटीशी जोडला जातो. पडद्यामागचा मुख्य सूत्रधार राम, सीता, रावण आणि उच्चिक्कुडुमी व उळुवत्तलैयन ही विनोदी जोडी या सर्वांचे संवाद एकटाच म्हणतो, आणि तेही तमिळमध्ये. प्रेक्षक हसतो तो आपल्याच भाषेतील विनोदाला. ती भाषा त्याच्यापर्यंत आणणाऱ्याची घरची भाषा वेगळी आहे, हे त्याला जाणवण्याचे कारण नसते.

या तीन रचनांच्या उजेडात अँडरसन यांच्या चित्रपटाविषयीचा वाद अधिक स्पष्ट होतो. ‘पंचभाषाविलास’ात न कळण्याचा भार वाटून घेतला जातो, भागवतमेळ्यात श्रद्धा तो हलका करते आणि चर्मबाहुल्यांच्या खेळात कलावंत तो संपूर्णपणे स्वतःवर घेतो. ‘आयल ऑफ डॉग्ज’ने तो जपानी पात्रांवर टाकला आणि इंग्रजी प्रेक्षकाला त्यातून बहुतांशी मुक्त ठेवले. जगभर वितरित होणाऱ्या चित्रपटात ही योजना तटस्थ राहू शकत नाही, म्हणून चँग यांचा आक्षेप भावनिक म्हणून बाजूला सारता येत नाही. फुजी यांचे निरीक्षणही तितकेच ग्राह्य आहे. कारण न उलगडलेली भाषा नेहमी मुकी नसते, ती जाणणारा प्रेक्षक कोठेतरी असतोच.

तौलनिक अभ्यासात प्रेक्षकप्रतिसादाचा विचार करताना ‘प्रेक्षकाला काय कळले’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याच्या जोडीला ‘त्याला कळावे म्हणून कोणाची भाषा मागे सरली’ हा प्रश्नही विचारणे आवश्यक आहे. मराठी अभ्यासकाला तर तो टाळता येण्यासारखा नाही. ज्या प्रदेशात मराठी एके काळी राजदरबाराच्या रंगमंचावर उघडपणे बोलली गेली, त्याच प्रदेशाच्या भाषिक परिसरात ती आज चर्मबाहुल्या नाचवणाऱ्यांच्या घरात बोलली जाते आणि खेळ सुरू होताच पडद्याआड राहते. तंजावरच्या मराठी नाटकांचा इतिहास लिहिताना या पडद्यामागच्या मराठीची नोंद झाली नाही, तर तो इतिहास केवळ दरबाराचाच राहील.