ताठर स्नायूंपासून शाळेच्या बाकापर्यंत



सेरेब्रल पाल्सी, म्हणजेच मेंदूचा पक्षाघात, या विकाराचा पहिला सविस्तर अभ्यास लंडनचे शल्यविशारद विल्यम जॉन लिटल यांनी केला. लिटल स्वतः बालपणापासून एका पायाने अधू होते. १८३६ साली हॅनोव्हर येथे श्ट्रोमायर यांनी त्यांच्या टाचेमागील कंडरा छेदून ते वाकडे पाऊल सरळ केले, आणि तीच विद्या लिटल यांनी मायदेशी नेली. १८६१ साली लंडनच्या प्रसूतिशास्त्र मंडळापुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी अकाली वा कष्टाच्या प्रसूतीशी मुलांच्या अंगातील ताठरपणाचा संबंध जोडला.

पुढे मनोविश्लेषणामुळे विख्यात झालेल्या सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ साली वेगळी शंका मांडली : कष्टाची प्रसूती हे कारण नसून, गर्भातच आधी घडलेल्या बिघाडाचे ते लक्षण असेल काय? ही शंका दीर्घकाळ बाजूला पडली. १९८० नंतरच्या मोठ्या पाहण्यांनी दाखवून दिले की, जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे हे थोड्याच मुलांच्या बाबतीत मूळ कारण असते. ज्या मातांनी वर्षानुवर्षे स्वतःला दोष दिला, त्यांच्यासाठी हा निष्कर्ष केवळ शास्त्रीय नव्हता.

उपचारांची दिशाही अशीच बदलत गेली. प्रथम कंडरा छेदणे. मग १९४० च्या दशकात बर्टा व कारेल बोबाथ या दांपत्याने लंडनमध्ये सुरू केलेली, हातांच्या आधाराने हालचाल घडवण्याची पद्धती. आज अनुभव असा सांगतो की, मूल स्वतःला हव्या असलेल्या कामासाठी स्वतः धडपडते तेव्हाच अधिक शिकते. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून या मुलांच्या खुब्यांची ठराविक काळाने क्ष-किरण तपासणी होऊ लागली. वेळीच उपचार झाल्याने खुबा निखळण्याचे प्रमाण तेथे अत्यल्प झाले. मेंदूतील इजा बरी झाली नाही. पण तिच्यापासून पुढे उद्भवणारी वेदना टळली. नियमितपणाने साधलेले हे यश आहे.

आपल्याकडे मिठू अलूर यांनी आपल्या मुलीच्या अनुभवातून १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली आणि शिक्षण व उपचार एका छपराखाली आणले. अस्पष्ट बोलणे म्हणजे मंद बुद्धी, हा समज त्या काळी रूढ होता. तो आजही पुरता गेलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सेरेब्रल पाल्सीचा स्वतंत्र उल्लेख केला आणि शाळेची दारे या मुलांना खुली असावीत, असे सांगितले.

परंतु कायदा जिन्यावर उतरंड बांधून देत नाही, आणि उत्तरासाठी मिनिटभर थांबणारा शिक्षकही देत नाही. शल्यगृहात सुरू झालेला हा इतिहास आता वर्गाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला आहे. त्याचे पुढचे पान आपल्यासारख्या शाळांनीच लिहावयाचे आहे.