सवृंत त्वचारोपण
शरीराच्या एका भागातील त्वचा, तिच्याखालील मेद व प्रसंगी स्नायू यांचा पट्टा रक्तवाहिन्यांच्या देठापासून (वृंतापासून) न तोडता जखमेवर वळवून बसविण्याची शस्त्रक्रिया. नाक, टाच, स्तन इ. अवयवांच्या पुनर्रचनेचा हा एक प्रमुख आधार होय. पूर्ण विलग केलेली पातळ त्वचा जखमेच्या तळातून मिळणाऱ्या रक्तावर जगते. त्यामुळे उघड्या हाडावर ती धरत नाही. सवृंत पट्टा आपला रक्तपुरवठा बरोबर आणतो.

सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेपासून नाक घडविण्याचे वर्णन आढळते. या परंपरेचा सर्वांत प्रसिद्ध अर्वाचीन दाखला पुण्याचा आहे. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७९०–९२) इंग्रजी सैन्यातील कावसजी हा बैल हाकणारा टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक दिले. नाकाच्या मापाचे मेण सपाट करून कपाळावर ठेवावयाचे, त्याभोवती रेघ आखावयाची, तेवढी त्वचा सोडवून भुवयांमधील देठावर फिरवून खाली आणावयाची व वर काथ लावलेले फडके ठेवावयाचे, अशी ही रीत होती. सुमारे पंचविसाव्या दिवशी देठ कापीत. लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये हा वृत्तांत छापून आला. त्यावरून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडन येथे ही शस्त्रक्रिया केली. रुग्णाचे नाव अशा रीतीने जगभर झाले. कारागिराचे नाव मात्र त्या वृत्तांतात नाही.

टाचेचा प्रश्न निराळा आहे. तेथील जाड त्वचा व तंतूंच्या कप्प्यांत बसलेला मेद शरीराचा भार पेलतात. पातळ त्वचारोपण तेथे झिजून फाटते. म्हणून तळपायाच्या मधल्या, भार न येणाऱ्या भागाचा पट्टा वळवितात. फ्रेंच शल्यचिकित्सक मास्कले व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीत पोटरीची त्वचा घोट्याजवळील देठावर उलटी फिरवून टाचेवर आणता येते. कुष्ठरोगात पाय बधिर झाल्याने जखमा पुन्हा पुन्हा होतात. तेथे शस्त्रक्रियेइतकेच मऊ तळाचे पादत्राण महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्रात नोशीर अंतिया (१९२२–२००७) यांनी पुण्याजवळील कोंढवा येथे कुष्ठरुग्णांवर पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया केल्या व मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या शाखेचा पाया घातला.

कर्करोगामुळे स्तन काढल्यावर राहिलेली उणीव भरण्यासाठी इटलीतील तान्सिनी यांनी १९०६ मध्ये पाठीवरील रुंद स्नायू त्वचेसह छातीवर आणण्याची पद्धत वर्णिली. ती पुढे विस्मृतीत गेली आणि १९७० नंतरच्या दशकात पुन्हा प्रचारात आली. अमेरिकेत हार्टरॅम्फ यांनी १९८२ मध्ये खालच्या ओटीपोटाची त्वचा व मेद पोटाच्या स्नायूच्या देठावर वर आणून स्तन घडविण्याची पद्धत मांडली.

१९७३ पासून सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून देठ पूर्ण तोडलेला पट्टाही दूरच्या जागी जगविता येऊ लागला. साधने बदलली, तरी पुण्यातील त्या कारागिराने भुवयांमध्ये राखलेला देठ ज्या तत्त्वावर उभा होता, ते तत्त्व बदललेले नाही : रक्त पोहोचले, तरच ऊतक जगते.