मोटेचे माप

जुन्या महसुली दप्तरांत बागायतीचे दोन प्रकार आढळतात: पाटाच्या पाण्यावरचे पाटस्थळ आणि बैलांनी मोटेने विहिरीतून उपसलेल्या पाण्यावरचे मोटस्थळ. दुसरा शब्द आता अडगळीत गेला असला, तरी दख्खनच्या भूजलाची गोष्ट त्याच्यापासूनच सुरू करावी लागते. महाराष्ट्राची 80 टक्क्यांहून अधिक भूमी बसाल्टची आहे. वरचा मुरूम, मांजऱ्या खडक आणि कातळातल्या भेगा यांत मावेल तेवढेच पाणी, आणि बैलजोडी दिवसभरात धावेवरून ओढेल तेवढाच उपसा. यात पूर्वजांचे शहाणपण शोधू नये. बैल थकत, एवढेच. जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचे, असे मानणारा 1882 चा इझमेंट कायदा 1891 साली मुंबई इलाख्यात आला, तेव्हा तो फारसा कुणाला बोचला नसावा. हक्क अमर्याद होता, पण तो बजावायला हाती मोटच होती.

हे माप आधी पंपाने आणि मग बोअरने मोडले. 1972 च्या दुष्काळानंतर कातळ भेदणारी यंत्रे गावोगाव फिरली ती पिण्याच्या पाण्यासाठी, आणि बायकांच्या डोक्यावरचे हंडे त्यांनी हलके केले हे नाकारण्यात अर्थ नाही. हातपंपालाही माणसाच्या दंडाची मर्यादा होतीच. बिघडले ते त्याच भोकात विजेची मोटर उतरली तेव्हा. शतकापूर्वीचा हक्क आता खरोखरच अमर्याद झाला. विहीर आटताना डोळ्यांना दिसते. बोअरचे आटणे मोटरने हवा ओढली की कळते.

यावर म्हणतात, पाऊसच लहरी झाला, त्याला बोअर काय करणार? पाऊस बदलतो आहे हे खरे. थोड्या वेळात धो धो कोसळणारे पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. पण म्हणूनच खालची शिल्लक अधिक मोलाची ठरते, आणि ती आपण आधीच उपसून बसलो आहोत. पर्जन्यछायेतल्या हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही असे ठरवले. तिथे पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिके ठरतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विहिरीची ऐपत उशिरा आलेल्या लहान शेतकऱ्यालाच बंधन का? याचे उत्तर विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पुरंदरमध्ये दिले होते. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, तर माणशी वाटायचे, भूमिहीनालाही वाटा द्यायचा, ऊस लावायचा नाही. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्याने शेतीसाठी 60 मीटरहून खोल विहिरींना मनाई केली, म्हणजे खोलीचे माप कागदावर तरी परत आले. वाटपाचे माप मात्र आले नाही, आणि 1882 चा कायदा अजून पुस्तकात आहे.