असोद्याची बहिणाबाई आणि तिने न पाहिलेला सिनेमा

आजचा भाग जरा घरचा आहे. मी असोद्याचा, म्हणजे जळगावला लागून असलेल्या गावाचा. दिवसा कोड लिहितो, रात्री सिनेमे बघतो. गेल्या महिन्यात सुट्टीवर घरी आलो आणि आजीच्या खाटेशेजारी बसून तीन सिनेमांत डोकं घातलं.

पहिला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’. रीमा कागतीचा, २०२५ मध्ये आला. मालेगाव आमच्या धुळ्याहून तासाभरावर, यंत्रमागांचं गाव. तिथल्या नासिर शेख नावाच्या खऱ्याखुऱ्या माणसाने मित्रांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला होता, त्यावरची ही गोष्ट. मधे जरा रेंगाळतो, पण शेवट! शफीकला कॅन्सर झालाय, आणि दोस्त मंडळी त्याला सुपरमॅन करून सिनेमा काढायला धावतात. कशासाठी? त्याने स्वतःला पडद्यावर बघावं म्हणून. ती घाई माझ्या डोक्यातून जाईना.

कारण आमच्या गावच्या बाईसाठी अशी घाई कोणी केलीच नाही. बहिणाबाई चौधरी. १८८० ला असोद्यात जन्म, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला सासरी. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर ओव्या म्हणायची. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी त्या उतरून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ ला ती गेली. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. पुढे १९६१ मध्ये अनंत माने यांच्या ‘मानिनी’त तिच्या कविता गाणी होऊन आल्या, संगीत वसंत पवारांचं. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. तिला यातलं काहीच कळलं नाही. पुस्तकसुद्धा नाही!

आणि गंमत बघा, हेच अत्रे १९५३ मध्ये ‘श्यामची आई’ काढतात. साने गुरुजी जन्माने कोकणातले, पण अमळनेरच्या शाळेत सहा वर्षं शिक्षक होते, त्यामुळे आम्ही त्यांना आमचेच समजतो. पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३३ मध्ये. पिक्चरला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. गुरुजी मात्र ११ जून १९५० लाच गेले होते. खरं सांगू? मला तो पिक्चर आज थोडा उपदेशाचा वाटला. पण वनमालाबाईंची आई आणि माधव वझेचा श्याम समोर आले की तक्रार विसरायला होते.

‘मानिनी’तलं संसारावरचं गाणं मोबाइलवर आजीला ऐकवलं. म्हटलं, “आजी, ओळखलंस का?” ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, “शब्द आपले हायेत रे, पन तोंड शहरातलं हाये.”

हा रिव्ह्यू मी कुठेच वाचला नव्हता, आणि तो बरोबर होता. गाणं गोड आहे, मला आवडतंच, पण आमच्या गल्लीत ‘मले’, ‘तुले’ ज्या ठसक्यात येतं तो ठसका त्यात नाही. मालेगावच्या पोरांनी कॅमेरा स्वतः धरला होता, निदान बोली तरी त्यांची राहिली.

मग मी फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आजीला तेच गाणं म्हणायला लावलं. दोन कडवी म्हटली, तिसरं विसरली, वर मलाच ओरडली, “ठेव तो फोन, चहा थंडा व्हून राह्यला.” ते रेकॉर्डिंग भागाच्या शेवटी जोडलंय. मागे कुकरची शिट्टी आहे, ती काढलेली नाही.