रंगाआडचे पोलाद

अमेरिकेत घरच्या गॅरेजात स्पोर्ट्‌स गाडी बांधणाऱ्या हौशी कारागिरापुढे बाहेरच्या बॉडीचा रंग ठरवण्याच्या कितीतरी आधी एक वेगळा प्रश्न उभा राहतो: गाडीच्या पोटाखाली दडणारे यांत्रिक भाग, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल, सस्पेन्शनचे दांडे, ब्रेकचे कॅलिपर, इंजिनाचा ब्लॉक, हे रंगवावेत की त्यांचा धातू उघडाच ठेवावा. प्रश्न वरवर शोभेचा वाटतो. परंतु या छंदाचा इतिहास पाहता तो मुख्यतः तपासणीचा आहे, कारण काही थर धातूतील दोष झाकतात, काही थर ते उघडे पाडतात, आणि गाडी कोणाच्या नजरेसाठी बांधली जात आहे यावर त्यांतील निवड ठरत आली आहे.

या छंदाचे एक मूळ दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर सापडते, जिथे जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड काढून, वजन घटवून, तरुण कारागीर वेगाच्या शर्यती लावीत आणि जिथे 1937 मध्ये स्थापन झालेल्या सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशनने घड्याळाचा व नियमांचा शिस्तशीर कारभार आणला. तेथील नजर, या छंदातली पहिली, शर्यतीची होती; मोजला जाणारा गुण एकच होता, तो वेगाचा, आणि म्हणून शोभेसाठी रंग लावण्याचे कारण फारसे नव्हते. मात्र शर्यतीच्या इंजिनांत रंगाचा एक विलक्षण उपयोग रूढ झाला: विजेच्या मोटारींच्या वेटोळ्यांना विद्युतरोधक लेप म्हणून जनरल इलेक्ट्रिक कंपनीने प्रचारात आणलेला ‘ग्लिप्टल’ हा लाल रंग ब्लॉकच्या आतल्या भिंतींना लावला जाऊ लागला. ब्लॉक ओतताना साच्यातील वाळूचे कण ओतीव लोखंडाच्या खडबडीत पृष्ठभागात अडकून राहतात. ते तेलात सुटू नयेत आणि गुळगुळीत भिंतीवरून तेल लवकर खाली उतरावे, असा त्यामागचा हेतू होता. पृष्ठभाग नीट धुतलेला नसेल तर हाच लेप सालपटे होऊन तेलपंपाची जाळी तुंबवतो, हे ओघाने आलेच.

दुसरी नजर प्रदर्शनाच्या परीक्षकाची. 1950 मध्ये ओकलंड येथील रोडस्टर प्रदर्शनात ‘अमेरिकेतील सर्वांत सुंदर रोडस्टर’ हा किताब प्रथमच दिला गेला, तो बिल नीकॅम्प यांच्या 1929 च्या फोर्डला. पुढे हीच गाडी एल मिराजच्या कोरड्या सरोवरावर ताशी 140 मैलांहून अधिक वेगाने धावली, त्यामुळे शोभा आणि वेग यांची फारकत त्या वेळी झालेली नव्हती, असे म्हणता येते. नंतरच्या काळात मात्र प्रदर्शनातील गाड्यांखाली आरसे मांडले जाऊ लागले आणि समोरचा अ‍ॅक्सल, स्टिअरिंगचे दांडे, स्प्रिंगा यांवर क्रोमचा मुलामा चढू लागला. येथे परीक्षकाच्या नजरेने धोका निर्माण केला. विद्युतविलेपनात, म्हणजे विजेच्या प्रवाहाने धातूचा थर चढवताना, आम्लाच्या व विलेपनाच्या टाकीत तयार होणारा हायड्रोजन पोलादात शिरतो. फार कठीण, उच्च ताकदीचे पोलाद त्यामुळे ठिसूळ बनते आणि पूर्वसूचना न देता तडकते. मुलामा झाल्यावर लवकरात लवकर तो भाग सुमारे 190 अंश सेल्सिअसला काही तास भट्टीत ठेवणे हा त्यावरचा मान्य उपाय आहे, पण दारावरच्या मुठींना मुलामा देणाऱ्या दुकानाकडून ही काळजी घेतली जाईलच याची खात्री नसते.

पन्नाशीच्या दशकात फायबरग्लासने घरगुती स्पोर्ट्‌स गाडीला वेगळे वळण दिले. बिल ट्रिट यांची ‘ग्लासपार’ आणि बिल डेव्हिन यांच्या तयार बॉड्या विकत घेऊन कोणालाही जुन्या गाडीच्या चासीवर देखणे कवच बसवता येऊ लागले, आणि त्याच सुमारास, 1949 मध्ये, इलिनॉय राज्यातील सिकमोर येथे एडवर्ड सीमोर यांनी दाबाखाली रंग फवारणारा डबा तयार केला, ज्यामुळे कॉम्प्रेसर नसलेल्या गॅरेजातही सुटे भाग रंगवणे अर्ध्या तासाचे काम झाले. त्या फवाऱ्यातला पहिला रंग अ‍ॅल्युमिनियमचा होता आणि तो रेडिएटरसाठी योजलेला होता, ही गोष्ट योगायोगाची असली तरी या विषयाला चपखल बसते. याच काळात हॉलिवूडचे मॅक्स बालचॉव्स्की आणि त्यांच्या पत्नी आयना यांनी ब्युइकच्या इंजिनाभोवती निरनिराळ्या गाड्यांचे भाग जुळवून ‘ओल’ यॅलर’ बांधली. दिसण्याकडे उघड दुर्लक्ष करणारी ही पिवळी गाडी महागड्या युरोपीय गाड्यांना शर्यतीत भारी पडत असे, आणि प्रदर्शनाच्या परंपरेवर तिच्याइतकी बोचरी टीका दुसऱ्या कोणी केलेली नाही.

तिसरी नजर जीर्णोद्धारकाची. 1974 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीने गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच असावी, हा निकष रुजवला. कारखान्यात अनेक घडीव भाग बिनरंगी बसवले जात आणि त्यांवर तपासनीसांच्या खडूच्या खुणा किंवा रंगाचे ठिपके असत. ते सर्व चकचकीत काळ्या रंगाखाली गाडणे या निकषानुसार दोष ठरतो.

1995 मध्ये मॅसॅच्युसेट्‌समध्ये सुरू झालेल्या फॅक्टरी फाइव्ह रेसिंग या कंपनीच्या, कोब्रा या जुन्या स्पोर्ट्‌स गाडीच्या प्रतिकृतींनी घरी गाडी बांधण्याचा हा वारसा सामान्य हौशी माणसापर्यंत नेला. या प्रतिकृतींत वापरायचे जुन्या मस्टँग गाडीचे गंजलेले अ‍ॅक्सल व ब्रेक नव्या, पावडर कोटिंग केलेल्या चासीशेजारी ठेवल्यावर ते रंगवण्याचा मोह अनावर होतो, आणि गंज रोखण्यासाठी तो बव्हंशी योग्यही आहे. पावडर कोटिंग, म्हणजे विद्युतभाराने चिकटवलेली भुकटी भट्टीत वितळवून केलेला थर, टिकाऊ असतो. परंतु तोच जाड, लवचीक थर वेल्डिंगजवळची बारीक भेग झाकून ठेवू शकतो. शर्यतीच्या गाड्यांचे सांगाडे फिक्या करड्या रंगाने पातळ रंगवण्याची जुनी रीत याचसाठी आहे: त्यावर भेगेची गडद रेघ आणि गळणारे तेल दोन्ही लगेच दिसतात. बोल्टच्या माथ्याखाली जाड रंग राहिला तर तो दबून जोडाचा ताण कमी होतो, आणि अर्थिंगच्या जागी राहिला तर विजेचा मार्ग अडतो. म्हणून हे पृष्ठभाग, आटे आणि गॅस्केटच्या बैठका उघड्याच ठेवाव्या लागतात. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी अ‍ॅक्सल आणि ब्लॉकचा बाहेरचा भाग निःशंकपणे रंगवावा, वेल्ड केलेले सस्पेन्शनचे दांडे फिक्या रंगाच्या पातळ थराने रंगवावेत. स्टिअरिंगच्या भागांवर क्रोम मात्र चढवू नये.