वर्गणी, कर आणि सही : गावच्या शाळेतील पालकांचा वाटा

पेशवाई संपली तेव्हा महाराष्ट्रात गावोगाव पंतोजींच्या शाळा चालत होत्या. देवळाच्या ओवरीत, धर्मशाळेत किंवा एखाद्या सावकाराच्या पडवीत मुले बसत, धुळपाटीवर अक्षरे गिरवत, मोडी वाचायला शिकत आणि पावकी-निमकीसह पाढे घोकत. पंतोजीचे पोट पालकांनी दिलेल्या पैशांवर, शिध्यावर आणि सणावाराच्या दक्षिणेवर चाले. वर कोणी अधिकारी नव्हता. शिकवणे पटले नाही तर पालक मुलाला काढून घेत, आणि पंतोजीला वठणीवर आणायला तेवढे पुरे होई. मात्र या व्यवस्थेतले पालक म्हणजे बहुतांशी ब्राह्मण, प्रभू, वाणी, सोनार अशा लिहिण्या-हिशेबाची गरज असलेल्या घरांतले. मुली जवळजवळ नव्हत्याच, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना ओवरीच बंद होती. गावाची शाळा हे नाव तिला फार सैल अर्थाने लागू पडते.

मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२३ च्या डिसेंबरात शिक्षणावर जे टिपण लिहिले, त्यात या देशी शाळा सुधाराव्यात, त्यांची संख्या वाढवावी आणि पुस्तके पुरवावीत असा आग्रह होता. पुढे १८४० मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन आणि १८५५ मध्ये स्वतंत्र शिक्षण खाते आले. शाळा कशी असावी हे आता खाते ठरवू लागले. खर्च कोणी करायचा, हा प्रश्न मात्र सुटला नव्हता.

त्यावर काढलेला पहिला तोडगा थेट पालकांच्या खिशाशी जोडलेला होता. ज्या गावाला शाळा हवी असेल त्याने शिक्षकाचा निम्मा पगार द्यावा, इमारत आणि पुस्तके पुरवावीत, किरकोळ खर्च सोसावा. उरलेला पगार सरकार देईल, अशी अंशतः स्वावलंबी शाळांची ही योजना १८५० नंतरच्या काही वर्षांत राबवली गेली. कागदावर ती भागीदारी होती. प्रत्यक्षात शिक्षक सरकार नेमणार, अभ्यासक्रम सरकार ठरवणार, तपासणीही सरकारच करणार, आणि गावाने वर्गणी भरायची. पहिल्या उत्साहात कबूल केलेली रक्कम पीक बुडाले की थकत असे. मग खात्याचे अधिकारी गावोगाव फिरून लोकांची मनधरणी करत. लंडनहून १८५९ मध्ये आलेल्या भारतमंत्री लॉर्ड स्टॅन्ली यांच्या खलित्याने याच प्रकारावर बोट ठेवले. अधिकाऱ्यांनी लोकांकडे अशी वर्गणी मागत फिरणे लोकांना रुचत नाही आणि सरकारच्या प्रतिष्ठेलाही शोभत नाही, असे त्यात म्हटले होते. देशी भाषांतल्या शाळांसाठी जमिनीवर उपकर बसवावा, असा पर्याय खलित्याने सुचवला.

मुंबई इलाख्यात तो उपकर १८६० च्या दशकात सुरू झाला आणि १८६९ च्या कायद्याने पक्का झाला. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा घ्यायचा, आणि जमलेल्या रकमेचा एक तृतीयांश शिक्षणावर खर्च करायचा. या ‘लोकल फंडा’च्या जिल्हा समितीचे अध्यक्षपद कलेक्टरकडे होते. गावच्या शाळेसाठी पाटील आणि चार वजनदार माणसांची शाळा-कमिटी असे. हजेरीवर लक्ष ठेवणे आणि इमारतीची काळजी घेणे एवढेच तिचे काम. शाळा पुष्कळ वाढल्या, हे या कराचे खरे यश. पण वर्गणी थकवण्याची मुभा होती तोवर गावाच्या हातात निदान नकाराचा अधिकार होता. साऱ्याबरोबर कर कापला जाऊ लागला तेव्हा तोही गेला.

या व्यवहारातला अन्याय जोतीराव फुले यांनी सर्वात नेमकेपणाने मांडला. ऑक्टोबर १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की सरकारचे उत्पन्न रयतेच्या घामातून येते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत आणि अभ्यासात शेतीची माहिती असावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शेतकरी पालकाला शाळा परकी का वाटते, याचे उत्तर त्या मागण्यांतच आहे. पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे अधिकारी तेव्हा सर्रास म्हणत. फुल्यांनी प्रश्न उलटा केला आणि शाळेनेच पालकांकडे पाठ फिरवली आहे, हे सांगितले.

१८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली आणि शाळांचा कारभार हळूहळू त्यांच्याकडे गेला. तोवर सक्तीचा विचारही मूळ धरू लागला होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात असेच विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. मजुरी करून पोट भरणाऱ्याला हा दंड जड होता. तरीही त्याच्यामागे फी माफ करणारे, शाळा उघडणारे आणि वसतिगृहे काढणारे राज्य उभे होते, म्हणून त्याला निव्वळ जुलूम म्हणता येत नाही.

मुंबई प्रांतात १९२३ च्या कायद्याने जिल्ह्याच्या शाळा निवडून आलेल्या स्कूल बोर्डांच्या हाती दिल्या. शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्यांत गटबाजी शिरल्याच्या तक्रारी लवकरच सुरू झाल्या. १९३८ ची दुरुस्ती आणि १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा यांनी बराच अधिकार पुन्हा सरकारी अधिकाऱ्याकडे नेला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्या झाल्या आणि ‘झेडपीची शाळा’ हे नाव रूढ झाले. या साऱ्या फेरबदलांत सत्ता जिल्हा आणि सरकार यांच्यातच इकडून तिकडे गेली. शाळेत मूल पाठवणारे आईबाप त्यात कुठेच नव्हते.

कारभारात जागा नसली तरी लोकांनी शाळेची साथ सोडली नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी सातारा भागातल्या बायका दळणाच्या वेळी मूठमूठ धान्य बाजूला काढून ठेवत. कितीतरी गावांत श्रमदानाने खोल्या बांधल्या गेल्या, कोणी जागा दिली, कोणी विहिरीचे पाणी दिले. शाळेच्या भिंतीवर आजही देणगीदारांच्या नावांच्या पाट्या दिसतात, आणि मुंबईत गिरणीकाम करणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळांनीही आपल्या गावच्या शाळांना हातभार लावला.

१९९० च्या दशकात प्रशासनाची भाषा बदलली. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम १९९४ मध्ये औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी या जिल्ह्यांपासून सुरू झाला. ग्राम शिक्षण समिती, माता-पालक संघ, पालक-शिक्षक संघ ही नावे गावात पोहोचली. ग्राम शिक्षण समितीचे अध्यक्षपद सरपंचाकडे असल्याने तिच्यात गावचे राजकारण यायचेच. खरा फरक १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने केला. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेतल्या मुलांचे पालक असावे लागतात, निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांतून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतो. शाळा विकास आराखडा समितीने करायचा, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवायचे. अध्यक्षाची सही मुख्याध्यापकाच्या सहीशेजारी आली. पंतोजीच्या काळानंतर पालकाला शाळेच्या हिशेबात अधिकृत जागा मिळाली ती अशी.

ही जागा किती खरी, हे गावागणिक बदलते. काही ठिकाणी सभा नुसत्या इतिवृत्ताच्या वहीत भरतात. मुख्याध्यापक ठराव लिहून ठेवतो आणि सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. मजुरी बुडवून सकाळी अकराच्या सभेला येणे कोणत्या आईला परवडणार, याचा विचार वेळ ठरवताना होत नाही. जिथे समितीला हातात घेण्याजोगे काम मिळते तिथे चित्र निराळे दिसते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. आईबापांबरोबर मूल गेले की त्याची शाळा सुटते. ते टाळण्यासाठी निघालेली हंगामी वसतिगृहे शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत चालवली गेली. मुलाने गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहायचे, आणि दोन वेळचे जेवण शाळेत घ्यायचे. स्वयंपाकाला बाई ठरवणे, किराणा आणणे, कोणाचे मूल मागे राहणार याची यादी करणे ही कामे समितीकडे येतात. ही यादी तालुक्याच्या कचेरीत बसून नीट होत नाही. कोणत्या घराने मुकादमाकडून उचल घेतली आहे आणि कोणत्या घरात मुलाकडे बघायला म्हातारे माणूस आहे, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असते. अनुदान उशिरा आले तर उधारीवर दुकान चालू ठेवण्याची पतही गावातल्याच माणसाची असते. पालक आणि प्रशासन एकमेकांना काय देऊ शकतात, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

२०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला तेव्हा साताऱ्यातील कुमठे बीटमधल्या शाळा आणि शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्याची शाळा यांची नावे राज्यभर झाली होती. पहिल्या ठिकाणी ज्ञानरचनावादी अध्यापनासाठी फरशीवर आखलेले तक्ते, दुसऱ्या ठिकाणी डिजिटल वर्ग बघायला शिक्षक लांबून येत. पाठोपाठ डिजिटल संच, रंगरंगोटी, कुंपण यांसाठी लोकवर्गणीची लाट आली. त्यातून पुष्कळ चांगले झाले, आणि जुना पेचही परतला. सधन गावाची शाळा चकाकली. आदिवासी पाड्यावरच्या शाळेला वर्गणी मागायची कोणाकडे? लोकसहभागाचे कौतुक करताना सरकारने आपला वाटा हळूच कमी करू नये, ही अपेक्षा १८५० च्या दशकाइतकीच आजही रास्त आहे.

शिक्षकांच्या बदल्या आणि रिक्त पदे या दोन गोष्टी पालकांना सर्वाधिक टोचतात, आणि त्या समितीच्या कक्षेबाहेर आहेत. शाळा चालू ठेवायची की नाही, हेही वरच ठरते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शिक्षण विभागाने २०२३ मध्ये पुढे आणला, तेव्हा अनेक गावांनी आणि शिक्षक संघटनांनी विरोध केला. लहान मुलांनी ओढे आणि घाट ओलांडून रोज दुसऱ्या गावी कसे जायचे, हा पालकांचा प्रश्न होता, आणि शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे लिहिलेले आहे.