बालगणिताची परंपरा : खेळ आणि परीक्षा

परीक्षेत गुण मिळाले म्हणजे गणित आले, असा समज आज घरोघरी दृढ झालेला दिसतो. गुणवंतांचा सत्कार करताना आपणही टक्केवारीच वाचून दाखवितो. त्यात गैर काही नाही. परंतु मुलांच्या गणिताचा इतिहास पाहू जाता, स्पर्धा-परीक्षा ही त्यातील अगदी अलीकडची गोष्ट असून कुतूहल, व्यवहार आणि खेळ ही त्याची मूळ अंगे होत, असे आढळून येते.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘लीलावती’ रचली. त्यातील कित्येक प्रश्न एका बालिकेस संबोधून विचारलेले आहेत. वाऱ्याने मोडलेला बांबू, तळ्यातील कमळ, सापावर झेप घेणारा मोर असे मुलांच्या डोळ्यांसमोर उभे राहणारे विषय त्यांनी निवडले. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे सापडला आहे. तो तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. रंजक प्रश्न विचारून शिकविणे आणि त्या शिक्षणास समाजाने आश्रय देणे, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे इतक्या जुन्या आहेत.

पुढे पंतोजींच्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांचे पाठांतर चाले. सायंकाळी परवचा म्हटला जाई. हे पाठांतर कोरडे वाटले तरी बाजारात ते पदोपदी उपयोगी पडे. तामलवाडीचेच उदाहरण घ्या. आपला हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, तर जवळचे सोलापूर इंग्रजी अमलाखाली. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार. आणि सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा भाव. सोलापूरच्या पेठेत जाणाऱ्या शेतकऱ्यास त्रैराशिक चुकवून कसे चालावे? १ एप्रिल १९५७ पासून भारतात दशमान नाणी सुरू झाली, पुढे वजनेमापेही बदलली आणि अपूर्णांकांचे पाढे मागे पडले. सोय झाली, मात्र तोंडी हिशेबाची एक सवयही ओसरली.

गणिताच्या स्पर्धांचा उगम पाहावयाचा तर युरोपातील हंगेरीकडे वळावे लागते. तेथे १८९४ साली शालान्त विद्यार्थ्यांसाठी गणिताची स्पर्धा सुरू झाली. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की त्याच वर्षी दानियेल आरान्य नामक एका शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी गणिती प्रश्नांचे मासिकही काढले. स्पर्धा वर्षातून एकदा. विचार करावयास लावणारे प्रश्न मात्र महिन्यामागून महिने घरी येत. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ मध्ये रुमानियात सुरू झाले. भारत त्यात प्रथम १९८९ साली उतरला आणि १९९६ मध्ये ते मुंबईस भरले.

आपल्या खेड्यांतील मुलांस मात्र परिचयाची आहे ती शिष्यवृत्ती परीक्षा. दीर्घकाळ ती चौथी व सातवीच्या वर्गांसाठी होती. २०१७ साली पाचवी व आठवीची मुले तीस बसली. या परीक्षेने अनेक गरीब घरांतील मुलांस पुढची वाट दाखविली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु परीक्षा थोड्यांस निवडते आणि बाकीच्यांस घरी पाठविते. शिवाय मार्गदर्शके व शिकवण्या यांस पैसा लागतो. ज्याच्याजवळ तो नाही, त्या मुलाने गणिताशी मैत्री करूच नये काय?

या प्रश्नाचे उत्तर देवळालीच्या एका शाळामास्तरांनी देऊन ठेविले आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. १९२७ मध्ये त्यांस रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी देवळालीस अध्यापन केले. अंकांशी खेळणे हा त्यांचा छंद. कित्येक विद्वानांनी तो क्षुल्लक मानिला; तरी शाळाशाळांतून जाऊन ते मुलांस अंकांच्या गमती सांगत राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील मासिकात त्यांजविषयी लिहिले, तेव्हा जगास त्यांची ओळख झाली.

त्यांचा प्रसिद्ध खेळ असा : सर्व अंक सारखे नसतील अशी चार अंकी संख्या घ्या. तिच्या अंकांची मोठ्यात मोठी संख्या करून तीतून लहानात लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. उत्तर तीन अंकी आल्यास आरंभी शून्य धरावे. आपल्या मुक्तीचे वर्ष १९४८ घेऊ. ९८४१ मधून १४८९ वजा जाता ८३५२. ८५३२ मधून २३५८ वजा जाता ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा. पुन्हा ६१७४ च! कोणतीही संख्या घेतली तरी फार तर सात पायऱ्यांत आपण येथेच पोहोचतो. यास पुस्तक नको, शुल्क नको, पाटी-पेन्सिल पुरे. आणि ‘असे का होते?’ हा प्रश्न मुलाच्या मुखातून निघाला, की तेथेच खरे गणित सुरू झाले.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस एकच विनंती. वार्षिक मेळाव्यात गुणवंतांचा सत्कार अवश्य व्हावा. त्यासोबत एक तास सर्व मुलामुलींसाठी, नापास झालेल्यांसाठीही, अंकखेळाचा ठेवावा. महिन्यास दहा कोड्यांचा एक कागद गावोगावच्या घरी पोहोचवावा. हंगेरीतील शिक्षकाने हेच केले, कापरेकर मास्तरांनी हेच केले. सत्कारासाठी मंचावर चार मुले येतील. परंतु खाली बसलेली चारशे मुलेही आपलीच आहेत.